भिंतीतलं बोलावणं

प्राप्तीने बटण दाबलं तेव्हा जनाबाई आपल्याच लुगड्यासमोर उभी होती.

लुगडं काचेच्या कपाटात होतं. हिरवं, लाल काठांचं. खाली छापील चिठ्ठी. प्राप्तीने ती मोठ्याने वाचली. "आगरी स्त्रीचे लुगडे, अंदाजे शंभर वर्षांपूर्वीचे."

"माज्या लग्नातला लुगरा हाय त्यो," जनाबाई म्हणाली. "शंभर वर्सांची मी? मंग मना पन ठेवा कपाटान."

प्राप्ती हसली. हसताना तिने पोटाखाली हात धरला. सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती विठ्ठलवाडीहून माहेरी आली होती. डॉक्टरने रोज थोडं चालायला सांगितलं होतं, म्हणून ती आजीला घेऊन इथपर्यंत आली होती. समाज हॉलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दारावर पाटी, 'खाडीपाडा लोकजीवन संग्रहालय'. मंगळवारची दुपार. दुसरं कोणी नव्हतं. भिंतीत एक लाकडी पेटी बसवलेली होती, तिच्यावर लाल बटण, बटणाखाली एकच शब्द, 'ऐका'.

आवाज भिंतीतून आला.

*या गो आई, मांडवाखाली या,*
*वाट सारवली, पाय ठेवून या.*

जनाबाईने आधी दाराकडे पाहिलं. कोण गातंय ते बघायला. मग तिला स्वतःचा श्वास ओळखू आला. 'या'च्या आधी छातीत अडकणारा, नवरा गेल्यापासूनचा.

"आजी, तूच गं ही," प्राप्ती म्हणाली. "काय भारी वाटतंय."

भिंत एकेकाला बोलावत गेली. डोंगरावरच्या आईला. गावदेवीला. खाडीला. वेशीवरच्या राखणदाराला. मग घरातल्या गेलेल्या माणसांना, नावानिशी. सासऱ्याला. सासूला, म्हणजे धाकूबाईला. आणि शेवटी,

*या हो दामाजी, वल्ल्या पायानं या.*

मग खट्ट असा आवाज झाला आणि भिंत गप्प बसली.

जनाबाई थांबली. कान देऊन थांबली. पुढे काही आलं नाही.

"फुडं?"

"पुढे काय? एवढंच आहे. परत लावू?" प्राप्तीने परत बोट नेलं.

जनाबाईने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. प्राप्ती ओरडली नाही. तिने आजीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. आजी घाबरलेली तिने याआधी कधी पाहिली नव्हती. आजीला साप, नवरे, बिल्डर, कशाचीच भीती वाटत नसे.

"घरी चल," जनाबाई म्हणाली. "आनि येताना पदर पोटावरून घे."

"आजी, मी ड्रेस घातलाय."

"मंग वडणी घे."

जनाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात मांडवाखाली बसून धवले गाणारी बाई. भटजी येतो आणि जातो. धवलारीण हळदीपासून मांडव उतरेपर्यंत हलत नाही. ठाकुर्लीपासून दिव्यापर्यंतच्या कितीतरी घरांतली पोरं तिच्या आवाजात लग्नाची झाली होती. ती मूळची खडवलीची. नदीकाठची पोर खाडीकाठी दिली. सासू धाकूबाई या भागातली नावाजलेली धवलारीण. आल्या आल्या सासूने सुनेला मिठागरावर नेलं आणि डोक्यावर मिठाची टोपली ठेवून म्हणाली, "आता गा." जनाबाई रडली. "रडून झाल्यावर गा," सासू म्हणाली. असं शिकणं झालं.

धाकूबाईच्या शिकवणुकीत दोन टोकं होती. एक बोलावणं. लग्न उभं राहिलं की देव आणि मेलेली माणसं नावं घेऊन मांडवाखाली बोलवायची. दुसरी बोळवण. मांडव उतरला की ज्यांना ज्यांना बोलावलं त्यांना उलट्या क्रमाने परत पाठवायचं. शेवटी बोलावलेला आधी जाणार, आई सगळ्यांत शेवटी. एक नाव राहता कामा नये. दुसऱ्या धवलारणी असं करत की नाही, धाकूबाईला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तिच्या घरची रीत ही. मांडव नसताना बोलवायचं नाही, आणि बोलावलेल्याला ठेवून घ्यायचं नाही.

"नाय पाठवलं तं?" नव्या सुनेने विचारलं होतं.

धाकूबाईने मिठाची फळी ओढता ओढता सांगितलं. एका लग्नात जेवणावरून मारामाऱ्या झाल्या. धवलारणीला वऱ्हाडाने हाकलून दिलं. बोळवण राहिली. ती नवरी सासरी जेवायची पानं मांडायची तेव्हा घरातल्या माणसांपेक्षा जास्त मांडायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "बसलेत ना ते." तिला दिवस गेले. मूल झालं. ते मूल जिवंत माणसाकडे बघायचं नाही. आईच्या खांद्यावरून मागे बघायचं आणि हसायचं. "ज्याला जागा नसतं," धाकूबाई म्हणाली, "त्यो पोट बघतं."

ते मूल कोणाचं, हे तिने सांगितलं नाही. जनाबाईने विचारलं नाही. पण धाकूबाईच्या घरात भिंतीवर एका बाईचा हार घातलेला फोटो होता आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नसे.

जनाबाईचा नवरा दामाजी आधी मिठागरावर होता, मग रेतीच्या होडीवर. एका उधाणाला तो खाडीत गेला आणि भरत्या-ओहोट्या उलटून गेल्यावर ज्या धक्क्यावरून गेला त्याच धक्क्याला लागला. त्यानंतरच्या पहिल्या लग्नात जनाबाईला त्याला बोलवावं लागलं. बायको म्हणून तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. धवलारीण म्हणून घेतलं. आवाज फुटला. बायका रडल्या. तेव्हापासून लोक म्हणू लागले, जनाबाईसारखं बोलावणं कोणाचं नाही.

तिने एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. लग्नसराईत तिला बरं वाटायचं. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत तो कुठेतरी खांबाजवळ असायचा. बोळवणीला ती त्याच्या नावावर जरा रेंगाळायची. मग पाठवायची. *जा हो दामाजी, सुक्या पायानं जा. मांडव सुटला, मागं बघू नका.* दर वेळी पाठवायची. एकदाही चुकली नव्हती.

मग खाडीलगतचं खाजण भराव टाकून भरलं, मिठागरं गेली, जमिनीवर टॉवर आले. कुंडलिकला, तिच्या मुलाला, आपल्याच शेतावर पाचव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. लग्नं हॉलमध्ये होऊ लागली आणि हळदीला डीजे लागला. धवलारणीला अजून बोलवत, पण माइक देऊन सांगत, "मावशी, दोन मिनिटं हां."

लोक घरं रिकामी करत होते तेव्हा गावातलीच दर्शना, डोंबिवलीच्या एका शाळेत शिकवणारी, दारोदार फिरली. मीठ ओढायच्या फळ्या, मासे धरायचे पाग, कणग्या, काथ्याचे दोर, बाशिंगं. पोरं तिला भंगारवाली म्हणत. ती म्हणायची, "हो रे, वजनावर घेते. तुझ्या आजोबांची फळी आहे का घरात?" अशा गोळा केलेल्या वस्तूंचं हे संग्रहालय.

एक दिवस ती जनाबाईकडे आली. "आजी, तुमचा आवाज ठेवायचाय."

"मांडव नसताना नाय गाणार."

दर्शना गेली आणि परत आली. पुन्हा नकार घेऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने संग्रहालयाच्या खोलीत चार कोपऱ्यांना चार बांबू उभे केले होते आणि दाराला आंब्याचा टहाळा बांधला होता. जनाबाईने बांबूंना हात लावून पाहिलं. केवढासा का असेना, मांडव होता. ती गायला बसली. बोलावणं पुरं झालं, दामाजी आला, आणि त्याच क्षणी खालच्या हॉलमध्ये कोणाच्या तरी हळदीचा डीजे सुरू झाला. खिडक्या थरथरल्या. "राहू दे आजी," दर्शना ओरडून म्हणाली. "उरलेलं पुढच्या रविवारी करू."

ती वायरी गुंडाळत होती तोवर जनाबाई कोपऱ्यात उभी राहिली आणि तिने त्या डीजेखाली, ओठांतल्या ओठांत, सगळ्यांना परत पाठवून दिलं. एकेका बांबूला हात लावून. दर्शनाला वाटलं, म्हातारी देवाचं म्हणतेय. जनाबाई मोकळी होऊन घरी गेली. तो रविवार आलाच नाही. दर्शनाच्या शाळेत परीक्षा होत्या.

आवाज ठेवलाय, हे जनाबाईला माहीत होतं. पण तिच्या लेखी ठेवणं म्हणजे लुगडं ठेवलं तसं. कुलूप लावून. कपाटातलं लुगडं काही कोणाच्या अंगावर जात नाही.

त्या मंगळवारी तिला कळलं की ते रोज बोलावत होतं. शाळेच्या सहली आल्या की ओळीने. पाहुणे आले की पाहुण्यांसाठी. एकेक पोर बटण दाबत होतं आणि ते येत होते. मांडव नव्हता. पाठवणारं कोणी नव्हतं. आणि आज तिच्या नातीने स्वतःच्या हाताने, पोट घेऊन, त्यांना बोलावलं होतं.

संध्याकाळी जनाबाई गॅलरीत खुर्ची घेऊन बसली. आत शालू, तिची सून, भाकऱ्या थापत होती. समोर दोन टॉवरच्या फटीत खाडीची एक पट्टी दिसायची. तिने पदर सावरला आणि बोळवण सुरू केली.

*जा हो दामाजी, सुक्या पायानं जा.*

दुसऱ्या नावापाशी ती थांबली.

दुसरं नाव नव्हतं. जिथे असायला हवं तिथे काही नव्हतं. तिने परत पहिल्यापासून सुरू केलं. वेग घेऊन गेली, म्हणजे गाडी आपोआप पुढे जाईल. परत तिथेच. तिला कळत होतं की आपल्याला बोलावायला सासू शिकवून गेली, ती सासू त्यातच कुठेतरी आहे. पण सासूचं नाव काय?

विसरणं तिला नवीन नव्हतं. गॅस चालू राहायचा. एकदा ती शालूकडे बघत राहिली होती, ही बाई कोण म्हणून. डोंबिवलीच्या डॉक्टरने तिला घड्याळ काढून दाखवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाला, मना वेल बगता येत नाय, काढू कसा?" सगळे हसले. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. ती घाबरली नव्हती. तिची समजूत अशी की घर, गॅस, माणसं डोक्यात असतात, ती जातील. गाणं गळ्यात असतं, ते जाणार नाही.

"आत्या, जेवायला या," शालूने हाक मारली.

ती उठली नाही. प्राप्ती बाहेर आली, दाराला टेकून उभी राहिली. "काय झालं गं? तेव्हापासून गप्पच आहेस. ते बटण दाबलं म्हणून?"

"पाय सुजलेत तुजे," जनाबाई म्हणाली.

"सगळ्यांचेच सुजतात."

जनाबाई त्या पायांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दर्शना शाळेतून येऊन संग्रहालयाचं कुलूप काढत होती तेव्हा जनाबाई जिन्यावर बसलेली होती.

"दर्शने, यो बंद कर."

"काय, आजी?"

"भिंतीतला. बंद कर आनि पुसून टाक."

दर्शना तिच्या शेजारी पायरीवर बसली. जनाबाईने सगळं सांगितलं. खांद्यावरून मागे बघणाऱ्या त्या मुलाची गोष्टही सांगितली. दर्शना हसली नाही. पण तिच्या चेहऱ्यावर शाळेतल्या बाईंचा समजूतदारपणा आला, तो जनाबाईला दिसला.

"आजी, ते फक्त मशीन आहे. त्याला मन नाही, भाव नाही. ते खरं बोलावणं थोडंच?"

"आवाज कोनाचा?"

"तुमचा."

"नावं कोनाची?"

दर्शना पायरीवरून उठली. मग म्हणाली, "तार काढते. आत्ता काढते. पण पुसू नका म्हणू. हे एकच आहे, आजी. या सगळ्या भागात एकच. फळ्या आणखी मिळतील. हे नाही मिळायचं."

"मना त्यांना धाडायचंय," जनाबाई म्हणाली. आणि मग, जिन्याकडे बघत, जे घरात कोणाला सांगितलं नव्हतं ते म्हणाली. "मना आठवत नाय गो."

दर्शनाने तार काढली. मग लॅपटॉप उघडला. त्यात ते बोलावणं होतं. तिने शेवटचं नाव लावलं आणि थांबवलं. दामाजी. जनाबाईने त्याला पाठवलं. दर्शनाने त्याच्या आधीचं नाव लावलं. धाकूबाई. ते नाव गेलं कसं होतं? *जा गो धाकूबाय, सुक्या पायानं जा.* मग सासरा. मग राखणदार, खाडी, गावदेवी. एक नाव लॅपटॉपचं, एक ओळ जनाबाईची. बाहेर दुपार होती. खाली कोणीतरी हॉलच्या खुर्च्या मोजत होतं. डोंगरावरची आई सगळ्यांत शेवटी गेली.

जनाबाई कोपऱ्यातल्या कणगीला धरून उठली. "झाला," ती म्हणाली. "आता परत लावू नको हां, बाय."

"नाही लावणार."

ती काही दिवस जेवली, झोपली. तिने शालूला टोमणे मारले, प्राप्तीच्या डोहाळजेवणाला स्वतः करंज्या केल्या. गोड जास्त झालं. "साखर दोनदा घातलीस, आजी," प्राप्ती म्हणाली. "तुज्या पोराला गोड आवरतं," जनाबाईने उडवून लावलं.

आठव्यात प्राप्तीचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे. कल्याणला दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बीपी बघून तिथेच ठेवून घेतलं. शालू आत तिच्यापाशी बसली. कुंडलिक औषधं आणायला गेला. बाहेरच्या बाकावर जनाबाई आणि नातजावई हितेश. हितेश चांगला पोरगा होता. घाबरला की पाय हलवायचा. त्याचा पाय सारखा हलत होता.

"आजी, चहा आणू?"

"नको. बस इथं."

तो बसला. करमेना म्हणून फोन काढला. बोटाने एकेक व्हिडिओ वर ढकलत राहिला. एक पोरगी नाचते. एक माणूस मासे कापतो. एक नवरा घोड्यावरून पडतो. मग नर्सने दारातून त्याला हाक मारली, "प्राप्तीचे मिस्टर?" तो फोन बाकावर उघडाच ठेवून उठला.

फोनवर एक वरात चालली होती. मागे ढोल. ढोलावर आवाज.

*या हो दामाजी, वल्ल्या पायानं या.*

जनाबाईने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

*या हो दामाजी, वल्ल्या पायानं या.*

वरात संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. तिला फोन बंद करता येत नव्हता. तिने काचेवर बोट दाबलं तर आवाज थांबला आणि लगेच परत सुरू झाला. *या हो दामाजी.* तिने फोन उलटा घातला. पदराखाली घेतला. पदराखालून तो बोलावत राहिला. समोर दार होतं, दारामागे प्राप्ती होती. दारावर लाल अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, जे तिला वाचता येत नव्हतं. कॉरिडॉरची फरशी नुकतीच पुसलेली होती. ओली होती. तिने फरशीकडे पाहिलं ते पाहिलं, मग तिथून नजर काढवेना.

तिने सुरू केलं.

*जा हो दामाजी, सुक्या पायानं जा.*
*मांडव सुटला, मागं बघू नका.*

फोन बोलावत होता आणि ती पाठवत होती. आधी हळू. मग फोनच्या वर आवाज जाईना म्हणून मोठ्याने. बाळंतिणींचे नातेवाईक माना वळवून बघू लागले. एक नर्स धावत आली. "अहो मावशी, हे हॉस्पिटल आहे. भजन घरी करा." जनाबाई थांबली नाही. हितेश आला, त्याने पदराखालून फोन ओढून घेतला, बंद केला. तरी ती गात राहिली, फोनने जितक्या वेळा बोलावलं असेल तितक्या वेळा पाठवून होईपर्यंत. कोणी मोजलं नव्हतं. तिला वाटलं तेव्हा ती थांबली.

"आजी," हितेश अगदी हळू आवाजात म्हणाला, "सगळे बघतायत."

"कोनी टाकला यो?"

"ते? ट्रेंडिंग आहे ते. म्युझियमच्या पेजवर होतं ना, कोणीतरी उचललं, बीट टाकला. आपलीच पोरं. आजी, तुम्ही फेमस आहात, मी प्राप्तीला सांगणारच होतो."

"बंद कर."

"केलं ना."

"सगल्यांचा."

हितेश हसला. "सगळ्यांचा कसा बंद होईल? लाखभर लोकांनी…" तो बोलता बोलता थांबला. म्हातारीच्या तोंडाचा रंग गेला होता.

"लाख म्हंजे किती रं?" तिने विचारलं.

हितेशने फोन खिशात टाकला.

प्राप्तीचं पोट त्याच दिवशी फाडावं लागलं. मुलगी झाली. वजन कमी, पण रडली. आई आणि मूल दोघीही वाचल्या. दर्शना पेढे घेऊन भेटायला आली आणि तिने दवाखान्याच्या जिन्यात जनाबाईचे पाय धरले. पेजवरून तिने केव्हाच काढलं होतं. पण लोकांच्या फोनमधून कसं काढायचं, तिला माहीत नव्हतं. जनाबाईने तिला उठवलं. रागावली नाही. रागवायला मागे काही उरावं लागतं. तिच्यात तेव्हा भीतीशिवाय काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर जनाबाई बाळाजवळ बसायची. बाळ आईच्या खांद्यावरून मागे बघायचं.

"सगळीच पोरं उजेडाकडे बघतात, आत्या," शालू म्हणायची. "मागे खिडकी आहे."

जनाबाई उठून खिडकी लावायची. बाळ तिकडेच बघायचं.

म्हणून तिने रोजचं काम लावून घेतलं. दुपारची जेवणं झाली की गॅलरीत बसून बोळवण. आज कोणीतरी कुठेतरी लावलं असेलच. पनवेलला, पालघरला, दुबईत. हितेश म्हणाला होता दुबईतही. दर्शनाने नावं उलट्या क्रमाने एका फोनमध्ये भरून दिली होती. सुरुवातीला प्राप्ती तो फोन लावायची, मग गरज पडेना. रोज घोकून तिच्या ओठांवर बसलं. जिवंत माणसं मात्र सुटत चालली. आधी शेजारी. मग कुंडलिकला ती "अवो" म्हणू लागली. मग एक दिवस तिने प्राप्तीला विचारलं, "तू कोनाची गो? लेकरू कोनाचा?" प्राप्ती बाथरूममध्ये जाऊन रडली. पण दुपारी आजी गॅलरीत बसली आणि एकही नाव चुकली नाही. घरात सगळ्यांना त्याचाच आधार वाटू लागला. शालूसुद्धा, जी या सगळ्याला खुळेपणा म्हणायची, दुपारी आवाज आला नाही तर पोळपाट ठेवून बघायला यायची.

पावसाळा उलटला. एका दुपारी शालू बाजारात गेली होती. प्राप्ती बाळाला पाजत गॅलरीच्या दारात बसली होती. जनाबाईने दामाजीला पाठवलं, धाकूबाईला पाठवलं, सगळ्यांना ओळीने पाठवलं. आई गेली. इथे ती रोज थांबायची.

आज थांबली नाही.

*जा गो जना, सुक्या पायानं जा.*
*मांडव सुटला, मागं बघू नको.*

प्राप्तीने मान वर केली. "आजी. तुझं नाव कशाला घेतलंस?"

जनाबाईने तिच्याकडे पाहिलं. त्या वेळी ती तिला ओळखत होती. डोळ्यांत स्वच्छ होतं ते.

"फोनानला आवाज कोनाचा हाय?"

"तुझा."

"मी गेल्यावं पन त्यो बोलवील ना?"

प्राप्तीने बाळाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आनि कोनाच्या तरी लग्नान माजा नाव पन घेतील. मी येन. मंग मना कोन धाडील? म्हनून आताच धाडलं. आता येतंय तोवर."

"मी पाठवीन," प्राप्ती म्हणाली. ती काय बोलतेय ते तिला बोलल्यावर कळलं. "खरंच. मला शिकव. आत्ता शिकव."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून समोर बसली. प्राप्तीच्या गुडघ्यावर हात ठेवला, ताल धरायला. "कान दे," म्हणाली. "एक नाव चुकायचा नाय."

तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. परत उघडलं. प्राप्तीला तिच्या चेहऱ्यावर संग्रहालयातली ती दुपार दिसली.

"जा हो…" प्राप्तीने सुचवून पाहिलं.

जनाबाईने मान हलवली. हो, हो, तेच. ओठ शोधत राहिले, आणि त्यांना सापडलं.

*या गो आई, मांडवाखाली या,*
*वाट सारवली, पाय ठेवून या.*

"ही नाही, आजी. दुसरी. बोळवण."

जनाबाई हसून मान डोलावत पुढे गेली. आवाज मोकळा झाला होता, तरुण, फोनमधल्यासारखा. गुडघ्यावर ताल पडत होता. आपण बोळवण शिकवतोय, असंच तिला वाटत होतं. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. गावदेवी आली. खाडी आली. राखणदार आला.

बाळाने दूध सोडलं आणि मान वळवली.

"आजी, बस. आजी."

सासरा आला. धाकूबाई आली.

प्राप्तीने एका हाताने बाळाला छातीशी दाबलं आणि दुसरा हात आजीच्या तोंडावर ठेवला. आवाज थांबला. तळव्याखाली ओठ हलत राहिले.